टोन मिळेपर्यंत

८ जुलै

आजपासून रोजनिशी. मनवाचा आग्रह. पुण्याहून फोनवर म्हणाली, बाबा, तू कुणाशी काही बोलत नाहीस, निदान लिही तरी. म्हटलं, बोलण्यासारखं असेल तर माणूस बोलेल ना. तरी लिहितो. मुलीचं मन मोडू नये.

सुचित्रा शीवला भावाकडे गेली आहे, धोंडूभाऊंकडे. आषाढात बायका माहेरी जातातच. नव्या नवऱ्या जातात म्हणे, पण सव्वीस वर्षांनी गेली म्हणून काय बिघडलं? जाताना म्हणाली, या घरात भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. टॉवरच्या भिंती आहेत, जाड असणारच. आधी राहायचो त्या चाळीत पार्टिशन होतं.

कपाटातल्या तिच्या सगळ्या साड्या नेल्या. उगाच ओझं. घराची चावी मात्र टेबलावर विसरली. विसराळूच आहे.

मला काही वाटत नाहीये. एकदम नॉर्मल.

११ जुलै

व्हीआरएस घेतल्यापासून वेळच वेळ. आज दादरला जाऊन इलेक्ट्रिक गिटार घेतली. सोबत छोटा अँप, म्हणजे अँप्लिफायर. कॉलेजात असताना फार मनात होतं, पण तेव्हा बाबांच्या गिरणीला टाळं. मग नोकरी, मग सुचित्रा, मग मनवा. आता मध्ये कुणी नाही.

कडेने काळपट, मध्ये पिवळी. याला सनबर्स्ट म्हणतात. परळच्या पुलावरून पाठीला लावून चालत आलो. लोक बघत होते. दोन जण तरी.

संकल्प: गणपतीला धोंडूभाऊंकडे आरतीला इलेक्ट्रिक गिटार. दरवर्षी आम्ही दोघं जातो, मी बाहेरच्या खुर्चीत मोबाइल बघत बसतो. या वर्षी सगळे तोंडात बोटं घालतील. तोवर सुचित्रा घरी परत येईलच, इथूनच सोबत निघू.

१३ जुलै

वाजवलं नाही. आधी ओळख.

एक पाच घरांचा स्विच आहे, नॉब तीन. स्विच गिटारच्या मानेच्या बाजूला केला की आवाज जाडसर, गोड, घट्ट वरणासारखा. दुसऱ्या टोकाला केला की लसणीची चटणी. मधल्या घरांचं अजून कळलेलं नाही. दिवसभर नॉब फिरवले. यूट्यूबवरचा मुलगा म्हणतो, आधी कॉर्ड शिका, टोनच्या मागे लागू नका. त्याचं वय काय, बोलतो काय.

माझं स्पष्ट मत: आधी टोन. टोन मिळाला की वादन आपोआप येतं.

१४ जुलै, संध्याकाळ

अँपचा गेन, म्हणजे आवाज फाडणारा नॉब, फुल करून बघितला. पहिल्याच झटक्याला शोकेसमधल्या बशा हलल्या. दुसऱ्या झटक्याला सोसायटीचे सेक्रेटरी चिंतामणी दारात. म्हणाले, आईला वाटलं कुणाचा तरी मिक्सर जळला. म्हटलं, डिस्टॉर्शन आहे. म्हणाले, आई ब्याऐंशीची आहे.

कलेची कदर नाही. ग्रुपवर मेसेज आला, नाव न घेता. सगळ्यांनी अंगठा दाखवला. समोरच्या नॅन्सीनेसुद्धा.

उद्या हेडफोन.

१६ जुलै

हेडफोन म्हणजे वरदान! कान पूर्ण झाकणारे. पिन अँपमध्ये घातली की बाहेर आवाज शून्य आणि आत शिवाजी पार्कएवढा हॉल. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, वाढवला की मी एकटा नाही असं वाटतं. म्हणजे बँड आहे असं.

आधीच घ्यायला हवे होते. लग्नाआधीच. (गंमत.)

१९ जुलै

डाव्या हाताच्या बोटांची टोकं बधिर. चहाचा कप धरला तर गरम लागत नाही. यूट्यूबवाला म्हणतो, चांगलं लक्षण, सराव चालू आहे.

छातीतही तसंच काहीसं. गिटार टेकवून बसतो म्हणून असेल.

२३ जुलै

एफ कॉर्ड जमत नाही. एका बोटाने सहाच्या सहा तारा दाबायच्या. देवाने बोटं तशी बनवलेली नाहीत. सहापैकी दोन तारा वाजतात, बाकी टक टक. पण खोल विचार केला तर आरतीला एफची गरज काय? आपले पूर्वज एफशिवायच आरत्या म्हणत आले.

एफ रद्द.

घरात खूप शांत आहे. फ्रिजमध्ये भेंडी सुकली. ती टाकायची होती, राहिली.

२९ जुलै, नागपंचमी

सुचित्राचा फोन. तिने स्वतः केला! बराच वेळ बोललो. तिला गिटारचं सांगितलं, मग रिव्हर्ब आणि डिले यांतला फरक नीट समजावला. बहुतेकांना तो कळत नाही. शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, जेवता की नाही एवढंच विचारायला केला होता. मी म्हटलं, हो, आणि कोरस हा तिसराच प्रकार. मग तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली.

एकूण संवाद उत्तम चालू आहे.

३ ऑगस्ट

आरतीची पहिली ओळ जवळजवळ बसली. दुसरी पहिलीसारखीच आहे. तिसरी वेगळी आहे, ती गर्दीत झाकली जाईल.

चादर बदलायला हवी. पुढच्या आठवड्यात.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

मिळाला! टोन मिळाला!

दुपारी जेवून बसलो तो दिवे लागेपर्यंत उठलो नाही. स्विच मानेकडे, टोनचा नॉब निम्म्यावर, गेन अगदी मिठाएवढा, रिव्हर्ब भरपूर. एक तार छेडली आणि ती थांबेचना. जग म्हणून काही राहिलंच नाही. सुचित्रा इथे हवी होती, असं एकदम वाटून गेलं. ऐकलं असतं तिने.

रात्री कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला दार उघडलं तर सेफ्टी डोअरच्या कडीला पिशवी. आत स्टीलचा डबा, डब्यात नारळीभात. गार झाला होता. नॅन्सी किती चांगली! आता ख्रिश्चन लोकही नारळी पौर्णिमा करायला लागले. शेवटी मुंबई आहे. गुळाचा होता, साखरेचा नाही. लवंग दाताखाली आली. सुचित्राही लवंगा काढत नाही.

अर्धा रात्री खाल्ला, अर्धा उद्या.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला गेलो नाही. सराव.

मनवाचा फोन. विचारलं, आई आली होती का? म्हटलं, नाही. मग म्हणाली, बाबा, नक्की? म्हटलं, अगं मी चोवीस तास घरात आहे, आली असती तर कळलं नसतं का? ती मग म्हणाली, तुझं तू बघ. कामाचा ताण असेल तिला.

गणपती पुढच्या पुढच्या आठवड्यात. सुचित्राने आता निघायला हवं. तिचं नेहमीच शेवटच्या क्षणी असतं.

२१ ऑगस्ट

नॅन्सीचा डबा परत करायचा राहिला होता. घासला. रिकामा डबा परत देत नाहीत, म्हणून केळ्याचे वेफर्स भरले. बेल मारली. म्हटलं, नॅन्सी, नारळीभात एक नंबर, अगदी आमच्या घरच्यासारखा.

नॅन्सी म्हणाली, कसला भात? आमच्याकडे त्या दिवशी सुकट होती.

तिने डबा घेतला, वेफर्स हलू न देता वर धरला आणि बूड दाखवलं. कोरलेलं होतं: चि. सौ. कां. सुचित्रा हीस मामाकडून सप्रेम.

इतकी वर्षं घरात होता तो डबा. मी कधी उलटा करून बघितला नाही. शीवला जाताना नेला असणार. मी साड्याच मोजत बसलो होतो.

मग नॅन्सीने सांगितलं. त्या दिवशी दुपारी ती लिफ्टमधून बाहेर आली तेव्हा सुचित्रा आमच्या दारात उभी होती. बेल मारून मारून थकली होती. नॅन्सी म्हणाली, मोबाइल लाव ना. सुचित्राने लावला होता, मी उचलला नव्हता. आतून टक टक येत होतं. हेडफोनमधला हॉल बाहेर ऐकू येत नाही, बाहेर नुसती तार वाजते. नॅन्सी म्हणाली, दार ठोकू या. सुचित्रा म्हणाली, राहू दे, वाजवतायत ते. आधी पेपर होता, मग टीव्ही होता, आता हे. डबा कडीला अडकवला आणि लिफ्टची वाटही न बघता जिन्याने उतरली.

आमचा बारावा मजला आहे.

नॅन्सीने वेफर्स ठेवून घेतले, डबा परत दिला.

२१ ऑगस्ट, नंतर

मोबाइल बघितला. आठ तारखेचे मिस्ड कॉल होते. त्या दिवशी मी तो सायलेंटवर ठेवला होता, एकाग्रतेसाठी.

यात माझी चूक नाही. बिल्डरने बेलच फुसकी बसवली आहे. चिंतामणींना सांगायला हवं. ग्रुपवर टाकतो.

टाकलं नाही.

२२ ऑगस्ट

वाजवली नाही.

भूक आहे, पण जेवावंसं वाटत नाही. रडू येईल असं वाटलं होतं, दुपारभर वाट बघितली. नाही आलं.

२४ ऑगस्ट

पुन्हा उभारी! ती आली होती, म्हणजे यायचं तिच्या मनात आहे. फक्त तिने टोन ऐकायला हवा. तो नारळी पौर्णिमेचा. एकदा ऐकला की सगळं समजेल, मला वेगळं बोलावं लागणार नाही.

फोन लावला. उचलला! म्हटलं, सुचित्रा, एक मिनिट काही बोलू नकोस, फक्त ऐक. फोन स्पीकरवर करून अँपसमोर ठेवला. अख्खी आरती वाजवली, तिसऱ्या ओळीसकट. इतकी सुंदर आजवर वाजली नव्हती. शेवटचा सूर विरेपर्यंत डोळे मिटून बसलो.

डोळे उघडले तर कॉल कट झालेला. भारावली असणार.

२५ ऑगस्ट

मनवाचा फोन. आवाज चढलेला. म्हणाली, बाबा, तू काल काय केलंस? म्हटलं, आईला आरती ऐकवली. म्हणाली, आरती? आईला फक्त टक टक ऐकू येत होतं. ती तुझ्याशी बोलत होती, बाबा. इतक्या दिवसांचं सगळं एकदाचं बोलली. शेवटी रडलीसुद्धा. तुझ्याकडून नुसतं टक टक.

उठून बघितलं. हेडफोनची पिन अँपमध्येच होती. काल वाजवताना हेडफोन माझ्या डोक्यावरच होते. अजूनही होते, मनवाचा फोन एका बाजूचा कान उचलून ऐकत होतो.

विचारलं, काय बोलली आई? मनवा म्हणाली, ते मला सांगितलं नाही. तुला सांगितलं होतं.

सुचित्राला फोन केला. उचलला नाही. परत केला. परत.

२६ ऑगस्ट

गिटार बॅगेत घातली, बॅग कपाटात. सुचित्राची बाजू रिकामीच आहे, बरोबर मावली.

घरात खरंच आवाज असतात. फ्रिज घरघरतो. चिंतामणींच्या आई खोकतात. बाथरूमचा नळ गळतो. सुचित्रा मे महिन्यापासून नळाचं सांगत होती बहुतेक. बहुतेक नाही, सांगत होती.

प्लंबरला फोन केला. म्हणाला, गणपतीनंतर.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

ठरवलं, आपणच जायचं. गिटार न घेता. तिचा डबा द्यायचा, समोर बसायचं, ती बोलेल ते ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही. फार तर हं म्हणायचं.

डबा रिकामा कसा न्यायचा? उकडीचे मोदक करायला घेतले. पहिला फुटला, दुसरा फुटला, तिसऱ्याचा गोळा झाला. खालच्या दुकानातून आणले पाच. लालबाग-परळला गर्दीत टॅक्सी कुठली? दादरपर्यंत चालत गेलो, मग शीवपर्यंत बस. डबा पिशवीत, पिशवी मांडीवर.

धोंडूभाऊंचा दुसरा मजला. दार लावलेलं, आत आरती चालू. झांजा, ढोलकी, टाळ्या, सगळी वाडी आत असावी. बेल दाबली. कुणी आलं नाही. परत दाबली, जरा जास्त वेळ. एवढ्या कल्लोळात कुणाला ऐकू जाणार?

सगळ्या आवाजांतून सुचित्राचा आवाज वेगळा येत होता. वरचा, लांब धरलेला. इतकं चांगलं गाते हे मला माहीत नव्हतं. दरवर्षी मी याच दाराबाहेर खुर्चीत असायचो.  जिन्याचा कठडा धरून उभा राहिलो.

एक आरती संपली, लगेच दुसरी. मग तिसरी. दार ठोकावं असं मनात आलं. शेजारच्या दारातून एक बाई बाहेर आल्या, म्हणाल्या, आहेत सगळे आत, ठोका की जोरात. म्हटलं, राहू दे, गातेय ती.

डबा कडीला अडकवला आणि खाली आलो.

बाकीच्यांना वाटेल शेजाऱ्यांनी दिला. सुचित्राला नाही वाटणार. ती डबा उलटा करून बघते.