आप्पांची शेवटची काच

आप्पा, तुमचा चेहरा मी घालवला. आधी हे सांगते, मग बाकीचं.

तुमचा तो जर्मन घडीचा कॅमेरा अजून आहे. बघणारे विचारायचे, "याचं वरचं कातडं कुठं गेलं?" आणि तुम्ही कसे चिडायचात! "अरे, उष्ण मुलखासाठीच केलाय तो. दमट हवेत कातडं सुटतं, खालची खळ झुरळं खातात. म्हणून नुसतं सागवान आणि पितळ." दर आयुधपूजेला दाराबाहेरच्या तिण्णैच्या ओट्यावर बसून तुम्ही सगळं सुटं करून पुसायचात. एकदा मी वरवर फडकं फिरवून गंध लावलं, तर हातावर चापट बसली. "हत्यार आतून पुसल्याशिवाय गंध लावायचं नाही!"

अख्ख्या तंजावूरचे फोटो तुम्ही काढलेत, तुमचा एकही नाही. फिल्मऐवजी त्यात घालायच्या काचांतली शेवटची उरली तेव्हा आईनं हट्ट धरला; तुम्ही खुर्चीत बसलात, बटण तिनं दाबलं. ती काच औषधात धुऊन फोटो उमटवण्याआधीच तुम्ही गेलात. काचेचा तो पत्र्याचा होल्डर आईनं चाळीस वर्षं पेटीत ठेवला, कुणाला हात लावू दिला नाही. आता तिला विसरायला होतं. रोज विचारते, "अगं, ते कसे दिसत होते?" शेवटी तीच म्हणाली, "धुऊन आण." चेन्नैत जुन्या काचा धुणारा एक माणूस सापडला. दिवाळीनंतर जायचं ठरलं, होल्डर काढून कॅमेऱ्याजवळ ठेवला.

मध्ये आयुधपूजा आली. सकाळी तिण्णैवर सगळं मांडून एकेक पुसत होते. होल्डर हातात आला आणि मी त्याची उजेड अडवणारी झडप ओढली. आतून पुसायला! अय्यो आप्पा, माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती? दुधट काच उन्हात जांभळट होत गेली आणि मी फडकं घेऊन बघत बसले. झडप परत लावली, पण काय उपयोग? आधी तुमच्या त्या शिस्तीचा राग आला, मग स्वतःचा इतका, की खांबावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

आईला सांगितलंय, काच चेन्नैला दिली. ती रोज दाराशी बसून वाट बघते. काल म्हणाली, "येईपर्यंत तू तरी सांग, कसे होते." मी सांगितलं, नाक सरळ, कपाळ मोठं, हसताना डोळे बारीक व्हायचे. "हो हो, तसेच," म्हणाली आणि किती खूश झाली.

हे पत्र कुठं टाकणार? कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवते. आप्पा, आईला सांगितलं ते मी रचून सांगितलं. मला तुमची बोटं आठवतात, औषधानं काळी पडलेली. चेहरा डोळ्यांपुढे येत नाही.