शेवटचा बारीक सूर

११ मार्च

प्रिय आई,

नमस्कार. बाबांनाही सांग. आणि हेही सांग की पाकिटावर तुझं नाव आहे, तेव्हा दारातच फोडून उभ्या उभ्या वाचत बसू नका.

फोन तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर मी काहीही लिहिलं तरी तू "बरं" म्हणून मोकळी होतेस, म्हणून हे पत्र. मी मजेत आहे. खोलीचा गळका नळ अखेर दुरुस्त झाला. जेवण वेळेवर होतं. (बहुतेक.)

पक्ष्यांचं गाणं ऐकायला कुणी नोकरीवर ठेवतं हे तुला अजून पटत नाही, ठाऊक आहे मला. पण ऐक. आमचे पक्षी मुठीत मावतील एवढे, नारिंगी चोचीचे. गातो तो नर, आणि गाणं त्याला जन्मतः येत नाही. पिल्लू आधी बापाचं नुसतं ऐकत बसतं. मग काहीबाही पुटपुटायला लागतं. स्वतःचं ऐकतं, चुकलं की पुन्हा म्हणतं. मोठं होईस्तोवर सगळे सूर एका ठरलेल्या क्रमात घट्ट बसतात आणि मग जन्मभर तेच गाणं.

आमच्यातला सगळ्यात म्हातारा म्हणजे सरदार. कितीतरी पिल्लं त्याचं ऐकून गायला शिकली. मागे त्याचे कान पिकले आणि ऐकू येणं बंद झालं. पाठीमागे टाळी वाजवली तरी ढिम्म. गाणं मात्र तेच. पण हळूहळू त्यात गडबड सुरू झाली. एखादा सूर दोनदा, एखादा गिळलेला, मध्येच अडखळणं. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "गळा ठणठणीत आहे त्याचा. स्वतःचं ऐकू येत नाही, म्हणून गाणं सैल पडतंय."

मी हातातला दाण्यांचा डबा खाली ठेवला. तुझं बोलणं असंच झालं होतं ना गं? आधी शब्दांची टोकं गळली, मग आवाज कधी चढा, कधी पुसट. त्या दुकानदारानं चारचौघांत तुझी नक्कल केली आणि तू बोलणंच टाकलंस. तेव्हापासून आपल्या घरात पाटी आणि पेन्सिल.

असो. परवा एक गंमत झाली. म्हणजे गंमत नाही तशी.

मी सांगितलं की सरदारानं गाण्यातला शेवटचा बारीक सूर गाळला. माझ्याबरोबर काम करणारा लंबू आवाजाची चित्रं काढून पडद्यावर बघतो. तो म्हणाला, "ताई, हा काय इथे. चांगला ठळक आहे."

"माइक बिघडला असेल."

"माइक नसलेला सूर कुठून आणेल?"

मग त्यानं एका तरण्या पक्ष्याचं गाणं लावलं. "शेवटचा ऐकू आला ना?"

"आला की," मी म्हटलं. काही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला?"

"आईला," मी म्हटलं.

बारीक सूर आधी जातात. बाकीचं सावकाश जाईल, पण जाईल, असं त्या म्हणाल्या.

आई, पत्र खाली ठेवू नकोस. आणि "माझ्यामुळे" वगैरे मनातसुद्धा आणू नकोस. मी एकदाच रडले, तोंड धुतलं आणि आमच्या प्रमुख बाईंकडे जाऊन सगळं सांगून टाकलं. त्या भल्या आहेत. "तुम्हाला टेबलावरचं काम देऊ," म्हणाल्या. मी म्हटलं, "नको. मला चित्रं वाचायला शिकवा." आता रोज लंबूच्या शेजारी बसते. तो मास्तर म्हणून फार वाईट आहे, पण मी चिवट आहे. सरदाराचे सूर आता मला डोळ्यांनी ओळखता येतात.

तो रोज सकाळी गातो. मोडकंतोडकं, पण गातो. अमुक सूर राहिला रे, असं त्याला सांगणारं मात्र कुणी नाही. तुला मी आहे.

म्हणून महिनाभराची रजा घेतली आहे. रविवारी येते. पलीकडच्या गच्चीवर काय कुजबुज चालते ते तू नुसत्या ओठांवरून ओळखतेस, ती विद्या मला हवी. बदल्यात मी तुझ्यासमोर बसेन, तू बोल, कुठला शब्द निसटला ते मी सांगेन. तू चिडशील. मीही चिडेन. बाबा बाहेर फिरायला जातील. चालेल.

मी तुझ्यासारखी गप्प बसणार नाही, आई. आणि तुलाही बसू देणार नाही.

खरं सांगू? एवढं सगळं लिहिलं ते एका गोष्टीसाठी. कान शाबूत आहेत तोवर मला तुझा आवाज ऐकायचाय. कसाही निघू दे, चिरका, घोगरा, वेडावाकडा. नंतर कितीही वाटलं तरी मला तो मिळणार नाही.

रविवारी दार तू उघड. आणि हाक मार मला.

तुझा आवाज ऐकायला निघालेली,
ठकी