तुझ्या मित्राला लिलावाबद्दल सांग

प्रिय ओरिन,

फोनवर तू घाईत होतास, म्हणून लिहितेय. कर थकलेल्या घरांच्या लिलावाची माहिती तुझ्या एका मित्राला हवी आहे म्हणालास. मित्राचं नाव मात्र सांगितलं नाहीस. तळ्याकाठी सगळं ठीक ना? बाबा गेल्यावर घर माझ्या नावावर आलं, पण राहतोस तू आणि कर भरतोस तू, म्हणून मी तिकडे लक्ष घालत नाही.

मित्राला आधी सांग, की तिथे घर विकत मिळत नाही. मालकाने थकवलेला कर आपण काउंटीच्या कचेरीत भरायचा आणि तो व्याजासकट फेडेल म्हणून वाट बघायची. तीन वर्षांत नाहीच फेडला, तर घरावर हक्क मागता येतो. माझा एल्मर हयात असताना वीस वर्षं लिलावाला जायचा, पण प्रत्येक जागा आधी डोळ्यांनी बघून, शेजाऱ्यांकडे कॉफी पिऊन. एकदाच आळस केला आणि कोणाच्या तरी गॅरेजमागची दोन हात रुंदीची जमिनीची पट्टी गळ्यात पडली. तिच्यावर धड खुर्चीसुद्धा मावेना.

मार्चमध्ये कोर्टहाऊसात चिठ्ठ्या टाकून क्रम लावतात, मग ज्याची पाळी येईल त्याने यादीतली एक जागा उचलायची. बाहेरचे लोक बायको, मेहुणा, सगळ्यांच्या नावाने कंपन्या काढून दहा-दहा पाळ्या लाटतात. ‘कोरे बूट दिसले की खिसा सांभाळ गं,’ एल्मर म्हणायचा. गावातले मात्र ओळखीच्या विधवेचं घर यादीत दिसलं तर हात लावत नाहीत, उलट तिला फोन करून सांगतात. घरच्यांपैकीच कोणी ते उचललं, तर फोनही करत नाहीत. घरच्यांनी सांभाळून घेतलं, असं समजतात.

मला कोणाचा फोन आला नाही.

तुझ्या मित्राचा एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. हक्क मागण्याआधीची नोटीस मालकाच्या जुन्या पत्त्यावर पाठवली आणि ती त्याच्या हाती पडलीच नाही, तर चालतं का? इतकं बारीक कोण विचारतं रे?

बेकरीवरच्या माझ्या जुन्या खोल्यांत आता हॅटी ब्रूम राहते. सोमवारी ती माझ्या नावाचं रजिस्टर पत्र घेऊन आली. तळ्याकाठचं घर, तीन वर्षांचा थकलेला कर, आणि कुठल्याशा कंपनीच्या वतीने सही जॉइस पावेल्का. तुझ्या बायकोचं माहेरचं नाव मी विसरले असेन, असं वाटलं तुला? त्या खोल्यांतून माझा सोफा तूच खाली उतरवला होतास. मी तिथे राहत नाही हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मला फार लागलंय, ओरिन.

आज सकाळी काउंटीत जाऊन सगळं व्याजासकट भरून आले. तुमचे पैसे तुम्हाला मिळतील. शेवटची सहा वर्षं बाबांचं सगळं तू केलंस आणि घर मला मिळालं, हे मलाही कधी पटलं नव्हतं. अर्धं घर तुझ्या नावावर करायचे कागद मी गेल्या महिन्यातच तयार करून घेतले, तुझ्या वाढदिवसासाठी. ते माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. सही अजून केलेली नाही. रविवारी जेवायला ये आणि माझ्याकडे बघून सांग, करू की नको. मित्राला आणू नकोस.

तुझीच, अजून तरी बहीण,
व्हर्ना