डाव्या पायाचा मोजा

३ फेब्रुवारी, गुरुवार

अंगठा काळा पडलाय! डाव्या पायाचा. हे पलंगावर बसून मोजा बदलत होते, मी अचानक खोलीत गेले म्हणून दिसला. किती दिवस लपवलाय कोण जाणे. रक्तात साखर, आणि दवाखान्याचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. म्हणे देह भाड्याचा, आपलं खरं घर वर आहे.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला वर जायची एवढी घाई!

५ फेब्रुवारी, शनिवार

नणंद दवाखान्यात वॉर्डात नर्स आहे. तिनेच ह्यांना हाताला धरून सर्जनकडे नेलं. सर्जन म्हणाले, दोन दिवसांत अंगठा काढला तर पाय वाचेल. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हात जोडले आणि सही न करता घरी आले. आल्या आल्या गुरुवारच्या बायबल अभ्यासाची तयारी सुरू. विषय काय, तर देवाने देह का घेतला! माझं डोकंच फिरलं.

८ फेब्रुवारी, मंगळवार

खोलीत वास येतोय. हे खिडकी उघडी ठेवतात आणि म्हणतात, उकडतंय.

१० फेब्रुवारी, गुरुवार

आज मी फार वाईट वागले. की बरोबर वागले? कळत नाही.

पुढच्या खोलीत चर्चच्या मंडळीतली बारा-तेरा माणसं. हे रंगात आले होते — देव माणूस झाला, त्याला मांसरक्ताची लाज वाटली नाही, तो चालून चालून थकला, त्याला भूक लागली. किती छान सांगतात! आणि शेवटी पुन्हा तेच, चित्त वरच्या गोष्टींवर ठेवा. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. राहवलं नाही.

"प्रभू मेलेल्यांतून उठला तोसुद्धा जखमांसकट. शिष्यांना त्याने त्या दाखवल्या. तुम्ही मोजा काढा."

ह्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला. मग मीच खाली बसले आणि मोजा ओढून काढला. समोरच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं — चोवीस वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

अबोला. जेवलेसुद्धा नाहीत.

१२ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी मी शिवायला आलेल्या गणवेशांना काजं करत बसले होते. हे शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "स्वर्गाची घाई नाही गं मला. अर्धा माणूस होऊन तुझ्यासमोर बसायचं, त्याची भीती वाटते."

एवढंच होतं! आणि मी आठवडाभर त्यांच्या श्रद्धेशी भांडत होते. मलाच माझा राग आला.

संध्याकाळी दवाखान्यात जाऊन ह्यांनी सही केली. सर्जननी पाय पुन्हा तपासला. आता अंगठ्यावर भागणार नाही. गुडघ्याखालून.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

ऑपरेशन झालं, हे शुद्धीवर आले. आवाज खोल गेलेला. पहिलंच विचारलं, "पाय शेवटचा नीट बघितलास ना?"

सकाळी सर्जननी पट्टी सोडून पायावर कापायची खूण केली, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. मी! भर सभेत मोजा ओढणारी. खोटं बोलवेना. मी नाही म्हणाले.

त्यांनी चादर बाजूला केली. "मग आता बघ."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि बघत बसले.