चिमणीची खुर्ची

सोमवार, ३ तारीख
आलो एकदाचे नव्या घरात. कामासाठी स्वतंत्र खोली, खिडकीत ऊन, दाराला आतून कडी. लेकीने बाहेर कागद चिकटवलाय: बाबा कामात आहेत. बायकोने आल्या आल्या कबूल करून घेतलं, की एक वाजता सगळ्यांनी मिळून जेवायचं आणि सहाला लॅपटॉप बंद. ऑफिसातून खुर्चीही आली. पाठीला टेकण, हातांना गाद्या. माझ्या टीममधली चिमणी नावाची मुलगी वापरायची ती. गेल्या महिन्यात चिमणी वारली, तिच्या आईने खुर्ची परत केली. चांगली वस्तू धूळ खात पडण्यापेक्षा मीच मागून घेतली.

मंगळवार, ४
खुर्ची कोणाची ते कळल्यावर बायकोचं तोंड उतरलं. म्हणाली, बसवतं तरी कसं तुला? आता यात माझा काय दोष? घरून काम करणारी माणसं मोकाट सुटतात, म्हणून मी त्यांच्या पडद्यावर ‘हजर’चं बटण सुरू केलं. दर दहा मिनिटांनी दाबायचं, बस. चिमणीने छातीत दुखतंय म्हणून सुट्टी मागितली, तेव्हा मी लिहिलं, ‘घरीच तर आहेस, बसल्या बसल्या आराम कर.’ सगळ्यांनाच लिहितो. मग सतरा वेळा विचारलं, ‘हजर आहेस ना?’ संध्याकाळी ती खुर्चीतच सापडली. बोट बटणापासून वीतभर लांब.

गुरुवार, ६
साहेबाला बटण नसतं. तरी आज माझ्या पडद्यावर उगवलं, खाली चिमणीचं नाव. कोणाचा तरी चावटपणा म्हणून सोडून दिलं. अकराव्या मिनिटाला छाती अशी आवळली की डोळ्यांपुढे अंधारी आली. दाबलं, तेव्हा श्वास आला. दुपारी पुन्हा सोडून पाहिलं. पुन्हा तेच. जेवायला गेलोच नाही. सहाला बटण गेलं. बायकोला काय सांगणार, कप्पाळ?

शुक्रवार
आज खोलीत पाऊल टाकायचं नव्हतं. नऊ वाजता जिन्यातच छाती आवळली. धावत आलो, कडी लावली, बसलो, दाबलं. आता उठता येत नाही. डावा हात गादीला चिकटलाय. उजव्याने बटण, उजव्यानेच हे लिहिणं.
चिमणीच्या नावावर निरोप धाडला. चुकलो, पाया पडतो, एक दिवस सोड. उत्तर लगेच आलं: ‘घरीच तर आहात सर. बसल्या बसल्या आराम करा.’
सहा वाजून गेले. बटण जात नाही.

शनिवार
डोळ्याला डोळा नाही. डुलकी लागली की छाती—
बायको दार वाजवतेय. ओरडलो, दार तोड. पण बाहेर, काल रात्रीसारखंच, माझ्याच आवाजात ऐकू गेलं, ‘पाचच मिनिटं.’ ती म्हणाली, तुझं नेहमीचंच. लेकीला म्हणाली, चल, आपण दोघी जेवून घेऊ.
गेल्या.
उजवा हात वहीवरून उचलवत नाही. नऊ मिनिटं झाली.
पडद्यावर निरोप. ‘सर, हजर आहात ना?’
आहे. आहे गं. वीतभरच राहिलंय, बोट—