डाव्या हाताचं अक्षर

डोंबिवली, ९ सप्टेंबर १९५४

ती. अण्णास सा. न.

अक्षर ओळखू येणार नाही. डाव्या हातानं लिहितेय.

परवा तू ठाण्याहून आलास, माझ्या बोटांची पट्टी बघितलीस. मी सांगितलं, वरवंटा निसटला. निसटला नव्हता. ह्यांनी माझा उजवा हात पाट्यावर दाबून धरला आणि वरवंटा तीनदा घातला. दोन बोटं पहिल्याच घावात मोडली, तरी थांबले नाहीत.

कारण माझी गोष्ट मासिकात छापून आली. एक मार खाणारी बायको ती गोष्ट सांगते. तीत मी मोलकरणीला नाव दिलं, दूधवाल्याला दिलं. नवऱ्याला मात्र शेवटपर्यंत 'हे'च म्हटलं. मुद्दाम नाही रे! नवऱ्याचं नाव लिहायची वेळ आली की हात अडायचा. ह्यांनी नेमकं तेच पकडलं. "नाव घेतलं नाहीस. म्हणजे तो मीच ना?" एवढंच म्हणाले आणि मनगट धरलं.

आणि तू? जाताना म्हणालास, "आता लिहिणं पुरे, जरा संसारात लक्ष घाल." म्हणजे तुला सगळं कळलं होतं.

म्हणून हे पत्र तुला टाकत नाही. त्याच मासिकाच्या संपादकांनी दिवाळी अंकासाठी लेखिकांना विचारलंय, तुमच्या लेखनाची प्रेरणा कोण? हाच कागद त्यांना पाठवते. नाव न घेण्याचं वळण उजव्या हाताला होतं. डाव्याला ते कुणी लावलंच नाही.

माझी प्रेरणा: पुरुषोत्तम हरी बिवलकर.

तुझी बहीण,
मथुरा