पितृपक्षातलं स्वस्त विमान

राजापेठ, अमरावती
आखाडी पुनवेचा दुसरा दिवस

चि. सौ. आशाबाई हिले अमरावतीहून तुझ्या मोठ्या बहिणीचा, चंदाचा, आशीर्वाद. आमी इथं ठीक आहो, म्हणजे जसे राह्यलो तसे. तुझ्या गुडघ्याचं काय झालं? तेल लावतेस का नुसतीच कण्हतेस? श्यामरावजीले नमस्कार, लेकराइले पापा. फोन सोडून कागद काहून लिहून राहिली असं तुले वाटन. घर दोन खोल्याइचं आहे, फोनवरचं सारं तुझ्या भाऊजीले आयकू जाते. माझी शाळा चौथीलोक, तवा अक्षर पाहू नको, मजकूर पाह्य.

गेल्या देवदिवाळीच्या सुमारास डॉक्टरनं तुझ्या भाऊजीच्या डोळ्यात बॅटरी मारली आन् सांगतलं का काचबिंदू आहे, दोन्हीकडून. गेली ते नजर परत येत नाही, राह्यली ते थेंब टाकून टिकवायची, किती दिवस टिकन ते सांगता येत नाही. तीस वर्षं बाजार समितीत मापारी होता हा माणूस, काट्यावरून नजर हलू देली नाही. जन्मात मले काही मांगतलं नाही (चहात साखर सोडून). त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता म्हणे, "चंदा, इमानातून एकडाव समुद्र पाह्यला असता." मी म्हटलं, पाहू. आता मी पाहू म्हटलं म्हणजे आधी पैसे पाह्यते, हे तुले ठाऊक आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, शिकवणीच्या क्लासखाली, ओमप्रकाश तिकिटाचं दुकान घेऊन बसते. नागपूर ते गोवा, दोघंजण, जाऊन येऊन, त्यानं सांगतलं अठ्ठावीस हजार. मी खुर्चीतून उठलीच. तो म्हणे, "काकू, डिसेंबरात सारी दुनिया गोव्याले जाते, भाव असाच राहीन." मंग त्यानं मले इद्या शिकवली. तिकीट लय आधी काढा. सामान सात किलोच्या वर नेऊ नका. मोबाइलवर तेच तेच पाहू नका, पाह्यलं का भाव चढते. (मी शेजारच्या पार्बताबाईले आन् वरच्या भाडेकरूले बी ताकीद देली का खबरदार कोणी गोवा पाह्यला तर. पार्बताबाईजवळ बटनाचा मोबाइल आहे, ते तरी घाबरली.) आन् सगळ्यात मोठी गोष्ट, जवा कोणालेच जायचं नसते तवा जा.

हे माझ्या डोक्यात बसलं. कोणाले कवा जायचं नसते? पितृपक्षात. सारे लोक घरी बसून कावळ्याची वाट पाह्यतेत, इमान रिकामं. भिंतीवरच्या कॅलेंडरात पितृपक्ष पाह्यला आन् मधातली अठरा सप्टेंबर धरली. दोघांचे तेरा हजार चारशे! ओमप्रकाश म्हणे, काकू, तुमीच बसा दुकानात. तुझे भाऊजी येवढंच म्हणे, "दहा महिने हाय वं अजून." मी म्हटलं, समुद्र काही आटत नाही.

ते कॅलेंडर जुन्या सालचं होतं. नवं किराणावाला जानेवारीत फुकट देते, म्हणून इकत घेतलं नव्हतं. संक्रांतीच्या वाणाले पार्बताबाई आली (सत्तरीची आहे, पंचांग तोंडपाठ), तिले मी मोठ्या तोऱ्यात तारीख सांगतली. तिनं बोटं मोजली आन् म्हणे, "अवं चंदा, यंदा जेठ दोन हायेत! सारे सण पुढं सरकले. अठराले तं तुह्या घरी महालक्ष्म्या जेवतेत." माझ्या हातातून तीळगूळ खाली पडला, तो बी तिनंच खाल्ला.

महालक्ष्म्या बसवणारी बाई तीन दिवस उंबरा सोडत नाही. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सवाष्णी. सासूनं मुखवटे माझ्या हातात देले त्याले सत्तावीस वर्षं झाली, एक साल चुकलं नाही. गेली मी ओमप्रकाशच्या उरावर. तारीख बदलायचे दोघांचे सतरा हजार, आन् रद्द केलं तर अकराशे परत! तेरा हजाराचं तिकीट बदलाले सतरा! मी म्हटलं, ओमप्रकाश, हे तिकीट हाय का सोयरीक? तो म्हणे, थांबा काकू, भाव उतरन. मी थांबली. माघ गेला, फागुन गेला, चैत गेला. भाव उतरला नाही. जेठात, पहिल्या जेठात, तुझ्या भाऊजीचा उजवा डोळा गेला.

डॉक्टर म्हणे, डाव्यात आहे थोडं, जपा. मी बाकड्यावर बसून हिशोब केला. डिसेंबरात गेलो असतो तर अठ्ठावीस हजार आन् दोन डोळे. आता तेरा हजार चारशे आन् एक. चौदा हजार सहाशे वाचवले मी. तुले तोंडात मारायची असन तर मार, मी बसली आहे.

त्याच दिवशी ओमप्रकाशकडं जाऊन खिडकी मांगतली. (आधी घेतली नव्हती, साडेतीनशे जास्त होते. समुद्र पाह्याले चाललो आन् शीट मधातली! अक्कल गहाण ठेवली होती मी.) आता त्याचे सातशे झाले होते. देले, भांडली नाही. ओमप्रकाश माझ्या तोंडाकडं पाहून राह्यला, म्हणे, काकू, तब्येत बरी हाय ना?

राह्यल्या महालक्ष्म्या. भातकुलीची माझी जाऊ रागिणी वीस वर्षापासून त्या मुखवट्याइवर टपून आहे. मुखवटे एकडाव ज्या घरी गेले त्याच घरचे होतेत, हे आमच्यात पक्कं. परवा तांदळाच्या डब्यात घालून नेले आन् तिच्या पुढ्यात ठेवले. तोंडावर म्हणे, "जाऊबाई, यंदापुरतेच ना?" आन् मागं पाह्यते तर कोनाडा रंगवून तयार. मी चहा न पिता उठली. सासू वरून पाहून राह्यली असन. पाहू दे. तिचाच लेक आहे.

सामान बांधून ठेवलं, अजून दीड महिना आहे तरी. तुझ्या भाऊजीनं पिशवी हातात धरून सांगतलं, सहा किलो सातशे. ओमप्रकाशच्या काट्यावर सहा किलो सातशे वीस भरली, तर म्हणतेत त्याचा काटा खोटा आहे. असं मजेत चाललं आहे. डाव्या डोळ्यानं त्याइले बरं दिसते. समुद्र पाहून येतो, तुझ्यासाठी शिंपले आणतो. काळजी करू नको, गुडघ्याले तेल लाव.

तुझी बहीण,
चंदा

ता. क. — तुमच्याकडची चाकाची लहान बॅग कोणी येणारं असलं तर पाठवून दे.

आणखी ता. क. — बॅग मरू दे. वर मी खोटं लिहिलं. डाव्या डोळ्यानं बी त्याइले दिसत नाही, आठ दिवस झाले. त्याइनं सांगतलं नाही, मी इचारलं नाही. परवा तिकिटाचा कागद मांगतला, तर माझ्या हातून इजेचं बिल गेलं. ते त्याइनं जवळ नेलं, दूर नेलं, नीट पाह्यलं आन् म्हणे, "खिडकीच हाय, दिसून राह्यलं ना." तिकिटाचे पैसे परत येत नाही हे त्याइले ठाऊक आहे, म्हणून दिसते.

शेवटचं. तू आमच्यासंग चाल. तुमच्याकडं महालक्ष्म्या बसत नाहीत, तू मोकळी आहेस. तुझं तिकीट मी काढलं, तुले न इचारता. आजच्या भावानं एकटीचं सोळा हजार. नाही म्हणशील तर पाचशे परत येतीन, तवा नाही म्हणू नको. खिडकीजवळ तेच बसतीन, बाजूले तू बस, मी मागं बसते. खाली जे दिसन ते त्याइले सांगत जा. रंग सांग, लाटा सांग, नावा किती आहेत त्या मोजून सांग. मले ते जमत नाही वं. मी म्हणन, पाणी हाय, लय हाय.